पत्त्याचं शेपूट आणि बिल भरणारा

२०२५ च्या दिवाळीच्या आसपास बँकांचे मेसेज येऊ लागले: आमच्या वेबसाइटचा पत्ता बदलला आहे, यापुढे त्याच्या शेवटी 'डॉट बँक डॉट इन' असेल. अनेकांनी तो मेसेजच फ्रॉड समजून उडवून टाकला. इतकी वर्षं आपल्याला जे बजावलं गेलंय ते पाहता त्यांचं चुकलं असं म्हणवत नाही. मेसेज मात्र खरा होता. रिझर्व्ह बँकेनं २२ एप्रिल २०२५ ला परिपत्रक काढून सगळ्या बँकांना, अगदी तालुक्याच्या गावातल्या नागरी सहकारी बँकांनाही, ३१ ऑक्टोबरपर्यंत या नव्या पत्त्यावर जायला सांगितलं होतं.

शेपूट बदललं की भरवसा कसा काय वाढतो, हा त्यावर पडणारा साधा प्रश्न. त्याच्या मागोमाग दुसरा येतो. आपण छंद म्हणून ज्या साइटवर रोज जातो, कोणी बुद्धिबळ खेळायला, कोणी पक्ष्यांच्या नोंदी टाकायला, कोणी किल्ल्यांच्या वाटा शोधायला, त्यांची शेपटं तर वाटेल ती असतात. डॉट कॉम, डॉट ऑर्ग, डॉट आयओ. त्यावरून काय समजायचं? बँकेच्या शेपटावरून आता बरंच काही कळतं. छंदाच्या साइटच्या शेपटावरून जवळजवळ काहीच कळत नाही. तिथं विचारायचं ते हे, की ही साइट चालू ठेवायचं बिल कोण भरतंय.

## पत्ता उजवीकडून वाचायचा

इंटरनेटवरची यंत्रं एकमेकांना आकड्यांनी ओळखतात. माणसांच्या लक्षात आकडे राहत नाहीत म्हणून नावं आली, आणि नाव दिलं की आकडा सांगणारी यादी आली. सुरुवातीला ही यादी खरोखरच एक फाईल होती. कॅलिफोर्नियातल्या एका संशोधन संस्थेत ती सांभाळली जायची आणि बाकीचे तिची नक्कल उतरवून घ्यायचे. यंत्रं वाढली तसं हे जमेना. १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी यादीचे तुकडे करून ते वेगवेगळ्या लोकांकडे सोपवायची पद्धत आखली. तिला डीएनएस म्हणतात आणि तिच्यातल्या नावाला डोमेन. शेपूट म्हणजे कोणत्या तुकड्यात शोधायचं त्याची खूण. १९८४ मध्ये कॉम, ऑर्ग, एज्यु, गव्ह, मिल अशी पहिली शेपटं ठरली आणि १५ मार्च १९८५ ला सिम्बॉलिक्स नावाच्या कॉम्प्युटर कंपनीनं पहिलं डॉट कॉम नाव घेतलं.

यंत्र पत्ता उजवीकडून डावीकडे सोडवत जातं. 'अमुक डॉट बँक डॉट इन' असं लिहिलं की आधी 'इन'ची यादी उघडते, तिच्यात 'बँक' सापडतं, त्याच्यात 'अमुक'. 'बँक डॉट इन'खाली नाव नोंदवून द्यायचा अधिकार हैदराबादच्या आयडीआरबीटी या एकाच संस्थेला आहे आणि ती ते फक्त बँकांना देते. शेपटाला वजन आलं ते यामुळे.

आता हा पत्ता पाहा: 'अमुक डॉट बँक डॉट इन डॉट केवायसीअपडेट डॉट टॉप'. डावीकडून वाचणाऱ्याला त्यात बँक दिसते. उजवीकडून वाचलं तर हा सगळा कारभार 'केवायसीअपडेट डॉट टॉप' घेणाऱ्या कोणा अनोळखी माणसाचा आहे, आणि आधीचं 'अमुक डॉट बँक डॉट इन' त्यानं स्वतःच्या हातानं लिहिलेलं आहे. तसं लिहायला त्याला कोणाची परवानगी लागत नाही. सुरुवातीच्या 'एचटीटीपीएस'नंतरच्या दोन तिरक्या रेघा सोडून पुढे पहिली तिरकी रेघ येते तिथं थांबायचं आणि तिथून मागे वाचत यायचं. एवढी सवय लागली तरी बरेच ठकवाठकवीचे मेसेज तिथल्या तिथे ओळखू येतात.

## शेपटांचा कारभार कोणाकडे?

सगळ्यात वर आयकॅन ही १९९८ मध्ये कॅलिफोर्नियात स्थापन झालेली ना-नफा संस्था. तिच्याखाली प्रत्येक शेपटाची यादी सांभाळणारा एकेक ठेकेदार, त्याला रजिस्ट्री म्हणतात. डॉट कॉमची रजिस्ट्री व्हेरिसाइन ही अमेरिकन कंपनी, डॉट ऑर्गची पब्लिक इंटरेस्ट रजिस्ट्री ही ना-नफा संस्था, डॉट इनची आपल्या सरकारनं उभी केलेली निक्सी. ग्राहकाला नाव विकणारा किरकोळ दुकानदार तो रजिस्ट्रार. सप्टेंबर २०२४ पासून एका डॉट कॉम नावामागे व्हेरिसाइन रजिस्ट्रारकडून वर्षाला १०.२६ डॉलर घेते. त्यावर रजिस्ट्रार आपलं कमिशन आणि आपल्याकडे जीएसटी लावतो.

'विकणारा' म्हटलं खरं, पण डोमेन कोणी विकत घेत नाही. ते वर्षाच्या बोलीनं भाड्यानं मिळतं आणि डॉट कॉम, डॉट ऑर्गसारख्या शेपटांवर एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांचं भाडं आगाऊ भरता येतं. वीस वर्षं जुनी साइट असली तरी नाव तिच्या मालकीचं होत नाही.

देवनागरीतलं 'डॉट भारत' २०१४ पासून मिळतं, त्यावर मराठीत नाव घेता येतं. फारसं कोणी घेत नाही, कारण देवनागरी पत्ता टाकला की अजूनही कितीतरी फॉर्म आणि ईमेलच्या खिडक्या 'पत्ता चुकीचा आहे' म्हणून हात वर करतात.

## डॉट ऑर्ग म्हणजे सेवाभावी, असं नाही का?

नाही. डॉट ऑर्ग कोणीही घेऊ शकतो. नफा कमावणारी कंपनी, एकटा माणूस, भामटा, कोणीही. कागद कोणी तपासत नाही. कागद तपासणारी शेपटं मोजकी आहेत: अमेरिकन विद्यापीठांचं डॉट एज्यु, आपल्याकडचं सरकारी डॉट गव्ह डॉट इन, शिक्षणसंस्थांचं डॉट एसी डॉट इन, आणि आता बँकांचं. उलट बाजूनंही तसंच. किल्ल्यांची माहिती शोधणारे ज्या ट्रेकक्षितिज डॉट कॉमवर हमखास पोहोचतात, ती डोंबिवलीच्या एका संस्थेची साइट आहे आणि शेपूट मात्र डॉट कॉम. १९९६ पासून चाललेली मायबोलीही डॉट कॉमवरच आहे. नव्वदीत आणि त्यानंतरही बरीच वर्षं लोकांच्या तोंडी डॉट कॉमच होतं, मिळालं तेच घेतलं.

तरीही शेपटाला भावनिक किंमत असते आणि कधी कधी ती मोठी ठरते. विकिपीडिया जानेवारी २००१ मध्ये सुरू झाला तो डॉट कॉमवर, बोमिस या खासगी कंपनीच्या पैशावर. २००२ च्या फेब्रुवारीत जाहिराती येऊ शकतात असा नुसता उल्लेख झाला आणि स्पॅनिश विकिपीडियावर लिहिणारे बिथरले. आम्ही फुकट लिहायचं आणि जाहिरातीचे पैसे कंपनीनं घ्यायचे? ते आपलं लिखाण उचलून बाहेर पडले आणि स्पेनमधल्या सेव्हिलच्या विद्यापीठाच्या सर्व्हरवर, म्हणजे साइट जिथून चालते त्या यंत्रावर, त्यांनी वेगळा ज्ञानकोश मांडला. त्याच वर्षी जाहिराती घेणार नाही असं विकिपीडियाचे संस्थापक जिमी वेल्स यांनी जाहीर केलं आणि साइट डॉट ऑर्गवर नेली. २००३ च्या जूनमध्ये विकिमीडिया फाउंडेशन उभं राहिलं. मराठी विकिपीडिया त्याच्या आदल्याच महिन्यात, १ मे २००३ ला सुरू झाला होता. तिथं नुसतं शेपूट बदललं असतं तर कोणाचं समाधान झालं नसतं. पैशाची वाट बदलली म्हणून शेपटाला अर्थ आला.

आणि ते डॉट ऑर्ग तरी किती पक्कं? डॉट ऑर्ग सांभाळणाऱ्या रजिस्ट्रीची मालक संस्था म्हणजे इंटरनेट सोसायटी. १३ नोव्हेंबर २०१९ ला तिनं जाहीर केलं की ही अख्खी रजिस्ट्री आम्ही एथॉस कॅपिटल या नव्याच गुंतवणूक कंपनीला १.१३५ अब्ज डॉलरला विकतोय. त्याच वर्षीच्या जूनअखेर आयकॅननं डॉट ऑर्गच्या दरावरची मर्यादा काढून टाकली होती. एक कोटीच्या आसपास नावं, त्यांत जगभरच्या स्वयंसेवी संस्था, आणि भाडं किती वाढवायचं ते आता नफ्यासाठी पैसे लावणारे ठरवणार. गदारोळ झाला. कॅलिफोर्नियाच्या महाधिवक्त्यांनी आयकॅनला विरोधाचं पत्र लिहिलं आणि ३० एप्रिल २०२० ला आयकॅननं सौद्याला नकार दिला. दरावरची मर्यादा मात्र परत आली नाही. हे फारसं कोणी सांगत नाही.

## एकच खेळ, दोन शेपटं

नागपूरच्या दिव्या देशमुखनं जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बातुमीला बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला. त्यानंतर ज्या घरांत माळ्यावरचा पट खाली आला, तिथं मुलांनी मोबाइलवर बहुधा दोनपैकी एक नाव उघडलं असेल: चेस डॉट कॉम किंवा लिचेस डॉट ऑर्ग. या दोन साइटची तुलना करण्याइतका चांगला धडा दुसरा नाही, कारण खेळ एकच आहे, चौसष्ट घरं तीच आहेत, फरक फक्त पैशाच्या वाटेत आहे.

चेस डॉट कॉम ही कंपनी. २००७ मध्ये सुरू झाली, बाहेरच्या गुंतवणूकदारांचा पैसा तिच्यात आहे, आणि २०२२ च्या डिसेंबरात तिनं माजी जगज्जेत्या मॅग्नस कार्लसनच्या नावाचा प्ले मॅग्नस हा उद्योगसमूहही विकत घेतला. फुकट खातं उघडता येतं, पण त्यावर जाहिराती दिसतात आणि दिवसाला मोजकीच कोडी, मोजकंच विश्लेषण मिळतं. हरलेल्या डावात कुठं चुकलं हे पाहायची इच्छा ऐन रंगात आली की समोर सभासदत्वाची पाटी येते. ती पाटी नेमकी कधी यावी हे ठरवायला तिथं पगारी माणसं आहेत. त्यात गैर काही नाही. त्याच पैशातून बक्षिसांच्या स्पर्धा होतात, लबाडी पकडणारा विभाग चालतो.

लिचेस २०१० मध्ये तिबो ड्युप्लेसी या फ्रेंच प्रोग्रामरनं सुरू केलं. आज ती फ्रान्समधली नोंदणीकृत ना-नफा संस्था आहे. जाहिरात नाही, सशुल्क पायऱ्या नाहीत, कोडी आणि विश्लेषण सगळ्यांना सारखं. पैसे देणाऱ्याला काय जास्त मिळतं? नावापुढे पंखाचं एक छोटं चिन्ह, बस. खर्चाचा तक्ता उघड्यावर ठेवलेला आहे. कोणत्या सर्व्हरला किती, कोणाच्या कामाला किती, ओळीनं वाचता येतं.

मला यातली सगळ्यात आवडणारी गोष्ट वेगळीच आहे. डाव संपल्यावर तुम्ही 'विश्लेषण' दाबता तेव्हा ती आकडेमोड बऱ्याचदा लिचेसच्या यंत्रावर होतच नाही. जगभरच्या स्वयंसेवकांनी आपल्या घरच्या कॉम्प्युटरवर एक छोटा प्रोग्राम चालू ठेवलेला असतो. तुमचा डाव त्यांच्यापैकी कोणाकडे तरी जातो, तिथं मोजला जातो आणि उत्तर परत येतं. म्हणजे कोणी रोख देत नाही, आपल्या घरचं विजेचं बिल देतो. हे देणं लिचेसच्या तक्त्यात रुपया-डॉलरमध्ये कुठेच दिसत नाही.

मग लिचेसच चांगलं, असं? इतकं सरळ नाही. देणगीवर चालणाऱ्या ठिकाणी बाकीचे सगळे अगदी थोड्या देणाऱ्यांच्या जिवावर खेळत असतात, आणि कामाचा भार मोजक्या खांद्यांवर असतो. ते थकले तर? कंपनीत माणूस गेला तर जाहिरात देऊन दुसरा घेतात.

## मंडळाचा हिशेब

पैसा येण्याच्या वाटा समजायला गणपती मंडळ डोळ्यांपुढे आणा. घरोघरच्या वर्गणीवर चालणारं मंडळ गल्लीचं ऐकतं. रस्त्यावर कमान उभारून जाहिराती घेणाऱ्या मंडळाला गर्दी हवी असते, कारण कमानीचा दर गर्दीवर ठरतो. आणि एकाच दादांच्या देणगीवर चालणाऱ्या मंडळाच्या फ्लेक्सवर बाप्पापेक्षा दादा मोठे दिसतात. पैसा कुठूनही आला तरी आरती तीच असते, पण मांडव कुठं घालायचा आणि स्पीकर किती वाजता बंद करायचा हे कोण ठरवणार ते बदलतं.

छंदाच्या साइटचंही हेच. ओपनस्ट्रीटमॅप हा लोकांनी मिळून काढलेला जगाचा नकाशा २००४ पासून चालू आहे. त्याच्या मागच्या संस्थेची वर्गणी वर्षाला १५ पौंड, आणि ज्यानं वर्षभरात ४२ दिवस नकाशावर काम केलं त्याला ती माफ. काम हीच पावती. मात्र तिथं कंपन्याही मोठ्या रकमेचं सभासदत्व घेतात, कारण त्या नकाशावर त्यांचा धंदा चालतो. गाड्या पाठवणारे, घरपोच माल देणारे. म्हणजे वर्गणी आणि कमान दोन्ही.

कमान पूर्ण नाकारणारं उदाहरण म्हणजे 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन'. आवडत्या कथा-मालिकांतली पात्रं घेऊन चाहते स्वतः कथा लिहितात, त्यांचं हे भांडार. २००७ मध्ये एका कंपनीनं अशा कथा गोळा करून त्यांवर धंदा मांडायचं ठरवलं. त्याच सुमारास दुसऱ्या एका साइटनं चाहत्यांची खाती घाऊक बंद केली. लिहिणाऱ्यांत बहुसंख्य बायका होत्या. त्यांनी ठरवलं की सर्व्हर आपल्या मालकीचे हवेत. संस्था काढली, २००९ च्या नोव्हेंबरात भांडार उघडलं, आणि २०१९ मध्ये त्याला विज्ञानकथांच्या जगातला ह्यूगो पुरस्कार मिळाला. तिथं जाहिराती नाहीत यामागे निव्वळ तत्त्व नाही, कायद्याचा हिशेबही आहे. पात्रं दुसऱ्याची असताना तुम्ही पैसे मिळवत नसाल तर 'हा न्याय्य वापर आहे' हे म्हणणं कोर्टात जास्त टिकतं. म्हणून वर्षातून दोनदा झोळी फिरवायची आणि वर्ष काढायचं.

## देशांची शेपटं: छंद आपला, बेट दुसऱ्याचं

दोन अक्षरी शेपटं देशांची आणि प्रदेशांची असतात. डॉट टीव्ही हे टेलिव्हिजनचं नाही, प्रशांत महासागरातल्या तुवालूचं आहे. साधारण अकरा हजार वस्तीच्या या देशानं २००० साली शेपूट वापरायला देऊन बारा वर्षांत पाच कोटी डॉलर मिळवायचा करार केला, आणि त्याच पैशाच्या आधारानं तो संयुक्त राष्ट्रांचा सभासद झाला. लोक ज्या ट्विचवर खेळ थेट दाखवतात त्याचं शेपूट हेच. कॅरिबियनमधल्या अँग्विलाला डॉट एआयनं २०२३ मध्ये सुमारे ३.२ कोटी डॉलर मिळवून दिले. सरकारी महसुलाच्या पाचव्या हिश्शाहून जास्त! नुसत्या दोन अक्षरांवर.

डॉट आयओची गोष्ट एवढी गमतीची नाही. प्रोग्रामर आणि खेळ बनवणाऱ्यांचं हे लाडकं शेपूट म्हणजे ब्रिटिश हिंदी महासागर प्रदेश, अर्थात चागोस बेटं. १९६५ मध्ये ब्रिटननं ती मॉरिशसपासून तोडून घेतली आणि त्यांतल्या दिएगो गार्सिया बेटावरच्या अमेरिकन लष्करी तळासाठी १९७३ पर्यंत तिथल्या सगळ्या रहिवाशांना हलवलं. या शेपटाच्या कमाईत वाटा मिळावा अशी त्या विस्थापितांच्या बाजूनं मागणी झाली आहे. २२ मे २०२५ ला बेटांचं सार्वभौमत्व मॉरिशसला द्यायच्या करारावर सह्या झाल्या. सह्या झाल्या म्हणजे बेटं हातात आली असं नव्हे, त्यावरचं राजकारण चालूच राहिलं. हा मॉरिशस म्हणजे जिथं एकोणिसाव्या शतकात कोकणातून उसाच्या मळ्यांवर गेलेल्या माणसांचे वंशज आजही मराठी शिकतात आणि जिथं गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते, तोच.

उद्या देशांच्या अधिकृत यादीतून 'आयओ' ही दोन अक्षरं निघाली, तर नियमाप्रमाणे ते शेपूट पाच वर्षांत, फार तर दहा वर्षांत, बंद करायची प्रक्रिया सुरू होऊ शकते. युगोस्लाव्हियाचं डॉट वाययू २०१० मध्ये असंच पुसलं गेलं. सोव्हिएत संघाचं डॉट एसयू मात्र देश बुडाला तरी अजून जिवंत आहे, तेव्हा आजच घाबरून सामान आवरायचं कारण नाही.

हौशी खेळ बनवणाऱ्यांची इच डॉट आयओ ही साइट नावाचा आणि पैशाचा असे दोन्ही धोके अनुभवून बसली आहे. पैशाच्या बाबतीत ती फार मोकळी: खेळ विकला गेला तर साइटला किती टक्के द्यायचे ते विकणाराच ठरवतो. काही सांगितलं नाही तर दहा टक्के, वाटलं तर शून्य. पण ९ डिसेंबर २०२४ ला ती काही तास गायब झाली. एका खेळणी कंपनीच्या वतीनं नावावर पाळत ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरनं एका पानाबद्दल फसवणुकीची तक्रार केली आणि रजिस्ट्रारनं अख्खं डोमेनच बंद केलं. सर्व्हर चालू, खेळ जागेवर, फक्त नाव गेलं. पुढच्या जुलैमध्ये पैसे पोहोचवणाऱ्या कंपन्यांच्या दबावामुळे प्रौढांसाठीचे खेळ तिला शोधयादीतून काढावे लागले. तेव्हा वर्गणी देणारा आणि घेणारा यांच्यामध्ये पेटी सांभाळणारा तिसरा असतो, हेही धरून चालावं लागतं.

## इतकी कटकट कशाला? व्हॉट्सॲप ग्रुप फुकट आहे की

फुकट आहे, आणि रविवारच्या ट्रेकला कोण कोण येतंय हे विचारायला त्याहून सोयीचं काही नाही. पण पाच वर्षांपूर्वी कोणीतरी टाकलेली वाटेची खुणावळ त्यात सापडवून दाखवा. गप्पांना ग्रुप पुरतो, साठवणीला नाही. शिवाय घर दुसऱ्याचं. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं, याहू ग्रुप्सचा साठा डिसेंबर २०१९ पासून पुसायला सुरुवात झाली आणि वर्षभरात दुकानच मिटलं. त्या दोन्हींवर कवितांच्या, नाटकांच्या, गिरिभ्रमणाच्या मराठी मंडळींनी केलेलं लिखाण होतं. ज्यांनी वेळेवर उतरवून घेतलं त्यांच्याकडे राहिलं.

## मग पाचशे सभासदांकडून शंभर-शंभर रुपये घ्यायचे, झालं

पन्नास हजार रुपयांत साधी साइट आरामात वर्ष काढते, हे खरं. अडचण रकमेची नाही, ती कोणाच्या खात्यात जाणार ही आहे. एका उत्साही सभासदाचा क्यूआर कोड दिला, की पैसे त्याच्या वैयक्तिक उत्पन्नात मिसळतात. वर्षात ५० हजारांच्या पुढे बाहेरून असे पैसे आले तर ती सगळी रक्कम आयकर खातं त्याचं उत्पन्न म्हणून धरू शकतं. त्यानं निरपेक्षपणे साइट चालवायची आणि करही भरायचा.

संस्था नोंदवायची तर किमान सात माणसं, घटना, धर्मादाय आयुक्तांकडे खेपा, दरवर्षी हिशेब तपासणी. देणगीदाराला करात सवलत हवी असेल तर ८०-जीची वेगळी मान्यता. एवढं करून न्यू जर्सीतल्या सभासदानं पैसे पाठवले की परदेशी देणग्यांचा कायदा उभा राहतो. तो अजून भारतीय नागरिक असेल आणि आपल्या बचतीतून बँकेमार्फत देत असेल तर ती परदेशी देणगी धरत नाहीत. त्यानं अमेरिकन नागरिकत्व घेतलं असेल तर धरतात, मग तो मूळचा सांगलीचा का असेना. तशी देणगी घ्यायला केंद्राची नोंदणी लागते आणि दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत खातं लागतं. दहा डॉलरसाठी कोण हे करणार?

उलट दिशेनंही अडतं. ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरून दरमहा आपोआप पैसे कापायचे नियम रिझर्व्ह बँकेनं कडक केले. ग्राहकाच्या बाजूनं ते योग्यच होतं, पण परदेशी साइटना महिन्याला दोन-पाच डॉलर देणाऱ्या कितीतरी भारतीय चाहत्यांचे हप्ते तेव्हा गपकन थांबले. आपले बहुतेक हौशी गट म्हणून तिसऱ्याच मार्गानं चालतात: कोणीतरी एक जण स्वतःच्या खिशातून भरतो आणि कोणाला सांगत नाही. ही पद्धत सगळ्यात जास्त चालते आणि मोडतेही सगळ्यात अचानक.

## नाव कोणाच्या नावावर आहे?

मोडते ती बहुधा नाव नव्यानं भरायच्या तारखेला. डॉट कॉम किंवा डॉट ऑर्गची मुदत संपली की साइट दिसेनाशी होते, पण नाव लगेच जात नाही. रजिस्ट्रारप्रमाणे काही दिवस, जास्तीत जास्त ४५ दिवस, ते नेहमीच्या दरात सोडवता येतं. पुढचे ३० दिवस दंड भरून. मग पाच दिवस कोणालाच हात लावता येत नाही, आणि त्यानंतर ते बाजारात मोकळं होतं. जुन्या, वाचकांची ये-जा असलेल्या नावांवर टपून बसलेली सॉफ्टवेअरं असतात. ती क्षणात नाव उचलतात आणि गड-किल्ल्यांच्या साइटवर सट्ट्याची जाहिरात दिसू लागते. विसरायला छोटं असावं लागतं असंही नाही. १९९९ च्या नाताळात मायक्रोसॉफ्ट हॉटमेलशी जोडलेलं एक डोमेन भरायला विसरली, लोकांना मेल उघडेना, आणि एका लिनक्सवाल्या प्रोग्रामरनं स्वतःच्या कार्डावरून ३५ डॉलर भरून ते चालू केलं.

फुकट शेपटांचं तर विचारूच नका. डॉट टीके, डॉट एमएल, डॉट जीए अशी नावं वर्षानुवर्षं फुकट मिळायची आणि हौशी लोकांनी ती भरपूर घेतली. भामट्यांनी त्याहून जास्त. २०२३ मध्ये ती वाटणाऱ्या कंपनीवर फेसबुकवाल्या मेटानं खटला भरला, नवी नोंदणी थांबली, आफ्रिकेतल्या गॅबॉननं आपलं डॉट जीए हे शेपूट परत घेताना लाखो नावं झाडून टाकली. पहिल्या वर्षी ९९ रुपये म्हणणाऱ्या शेपटांचंही दुसऱ्या वर्षीचं भाडं आधी बघावं, ते बारीक अक्षरात असतं.

ज्यांची साइट आहे त्यांच्यासाठी कामाचं एवढंच: खातं एकट्याच्या खासगी ईमेलवर नसावं, ओटीपी येणारे फोन दोन असावेत, आणि जमेल तितक्या वर्षांचं भाडं एकदम भरून टाकावं. ज्यांची नाही, ते फक्त वाचक आहेत, त्यांनाही एक गोष्ट पाहता येते. आयकॅनच्या लुकअप पानावर डॉट कॉम किंवा डॉट ऑर्ग नाव टाकलं की नाव घेणारा बहुधा झाकलेला असतो, पण रजिस्ट्रार आणि मुदत संपायची तारीख उघडी दिसते. तुमच्या रोजच्या साइटची तारीख महिनाभरावर आली असेल, तर चालवणाऱ्याला एक मेसेज टाका, आणि भाडं भरलंय का विचारताना यंदा किती पडतंय तेही विचारा.